तिला दुभाषी करू नका

‘माननीय ताई,
माझा मुलगा बरीच वर्षं टोरंटोला आहे. त्यानं तिथलीच एक मुलगी पसंत केली आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची, फार्मसीत नोकरी करते. वडील इराणचे, रश्त गावचे, मुसलमान. आई फिलिपिन्सची, इलोइलोची, कॅथलिक. वडील शिकायला मनिलाला आले आणि लग्न करून तिथेच राहिले. मुलगी सहा वर्षांची असताना आई कॅनडाला लोकांची मुलं सांभाळायच्या कामावर गेली. वडील, मुलगी आणि तिचा मोठा भाऊ इलोइलोला आजीकडे राहिले, पाच वर्षांनी तेही गेले. मुलगी स्वभावानं गोड वाटते, व्हिडिओ कॉलवर हात जोडून नमस्कार करते. पण मला झोप लागत नाही. तिला ना धड वडिलांची भाषा येते ना आईची. सण दोन्हीकडचे अर्धेमुर्धे. मी विचारलं, तुझा धर्म कोणता, तर ती नुसती हसली आणि मुलानं विषय बदलला. नातेवाईक विचारतात, मुसलमान की ख्रिश्चन? मी काय सांगू? जिला स्वतःचंच मूळ धड ठाऊक नाही ती माझ्या नातवंडांना काय देणार? डिसेंबरच्या मध्यावर दोघं रत्नागिरीला येताहेत, नाताळ होईपर्यंत राहतील. तिच्याशी काय बोलू, कसं वागू? माझं चुकत असेल तर तसं सांगा.
— एक आई, रत्नागिरी’

ताई, नमस्कार.

तुम्ही मनातलं लपवलं नाहीत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. तुमची सगळी भीती ‘ना धड’ या दोन शब्दांत साठली आहे. हे शब्द त्या मुलीला नवे नसणार. रश्तच्या नातेवाइकांना तिचं फार्सी तोडकंमोडकं वाटलं असेल, इलोइलोच्या मावश्यांना ती परक्यासारखी दिसली असेल, टोरंटोच्या इराणी दुकानात तिनं फार्सीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत आलं असेल. आता लग्नाच्या उंबरठ्यावर तिसऱ्या घरातूनही तेच ऐकू आलं, तर तिनं कुठे जायचं?

मी काही वर्षं दुबईत शिकवत होते. इराणी आणि फिलिपिनो, दोन्ही वस्त्या तिथे मोठ्या, त्यामुळे अशा घरांतली मुलं माझ्या वर्गात असायची. शाळेत दरवर्षी देशोदेशींचा दिवस साजरा व्हायचा. प्रत्येक देशाचं टेबल, झेंडा, खाऊ. एक मुलगी सकाळी आईच्या देशाच्या टेबलामागे उभी राहायची आणि दुपारी कपडे बदलून वडिलांच्या. येणारेजाणारे म्हणायचे, वा, हिची दोन्हीकडे मजा आहे. दिवसभरात तिला जेवायला फुरसत मिळाली नव्हती, ते कुणी पाहिलं नाही. दोन्ही टेबलांवर तिला माहिती सांगायचं काम होतं. बाकीची मुलं खात होती, हुंदडत होती.

तुमच्या सुनेबद्दल (मी आतापासूनच सून म्हणते, तुम्हीही म्हणायला लागा) मला मुख्य सांगायचंय ते याच संदर्भात. अशा घरातलं मूल लहानपणापासून दोन बाजूंच्या मधे उभं राहून एकाचं दुसऱ्याला समजावत असतं. तुमच्या पत्रातली ती पाच वर्षं बघा. इलोइलोत एक इराणी बाप, त्याची फिलिपिनो सासू, दोन मुलं, आणि ज्या बाईमुळे हे सगळे एका छपराखाली आले ती हजारो मैलांवर. सासूची भाषा हिलिगायनोन. मनिलातली तागालोगसुद्धा नव्हे. जावई रश्तचा, म्हणजे त्याच्या घरात फार्सीच्या जोडीला गिलाकी बोलली जात असणार. आजी काय म्हणाली ते बाबांना सांगायचं, बाबा का रुसले ते आजीला सांगायचं, रश्तच्या आजीचा फोन आला की तिला भलतंच काहीतरी सांगून खूश करायचं. सहा-सात वर्षांच्या मुलीनं हे केलं असणार. भाषा व्याकरणशुद्ध आली नसेल, पण घर तिनं तोलून धरलं होतं.

आणि आईच्या कामाबद्दल. तुम्ही ‘लोकांची मुलं सांभाळायच्या कामावर’ असं लिहिलंत, त्यात थोडा कमीपणाचा सूर मला जाणवला. कॅनडात १९९२ ते २०१४ या काळात त्यासाठी एक सरकारी योजना होती. परदेशातून आलेल्या बाईनं मालकाच्याच घरात राहून मुलं किंवा म्हातारी माणसं सांभाळायची, असं २४ महिन्यांचं काम पूर्ण केलं की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा. तोवर स्वतःची मुलं मायदेशी. अर्ज केल्यावरही कागद हलायला वर्षं जात. या वाटेनं गेलेल्यांत फिलिपिनो बायकांचीच संख्या मोठी होती. म्हणजे तिच्या आईनं दुसऱ्याच्या मुलांना भरवताना स्वतःच्या मुलीचे वाढदिवस फोनवर ऐकले. ताई, तुम्ही कोकणातल्या. मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरवर कोकणातल्या किती पिढ्या वाढल्या, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. तिकडे पैसे पाठवणारा बाप होता, इथे आई होती, एवढाच फरक. त्या बाईंशी बोलाल तेव्हा मान देऊन बोला. त्यांनी तो कमावलाय.

आता ‘अर्धेमुर्धे सण’. मला हे म्हणणं मुळीच पटत नाही. अशा घरात सण अर्धे होत नाहीत, एकावर एक येतात. डिसेंबरच घ्या. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटे, अंधार असतानाच चर्चला जायची रीत आहे, तिला सिम्बांग गाबी म्हणतात. त्याच दिवसांत, २० किंवा २१ तारखेला, इराणी लोकांची यल्दा येते, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. त्या रात्री घरातले सगळे थोरामोठ्यांकडे जमतात, डाळिंब, कलिंगड, सुकामेवा खात जागतात, हाफिजच्या कवितांचं पुस्तक उघडून नशिबाचा कौल बघतात. म्हणजे त्या घरातल्या पोरांनी मध्यरात्र उलटेपर्यंत बापासोबत डाळिंबाचे दाणे खायचे आणि डोळे चोळत पहाटे आजीचा हात धरून चर्चला निघायचं. मार्चमध्ये तर आणखी गर्दी. २०२४ साली रमजान, नवरोज म्हणजे इराणी नववर्ष, आणि ईस्टर हे तिन्ही एकाच मार्च महिन्यात आले होते. एकाचा उपास, दुसऱ्याची मेजवानी, तिसऱ्याचं दुःखाचं शुक्रवार-व्रत. अशा महिन्यात कुणाच्या ताटात काय वाढायचं आणि कुणासमोर काय खायचं नाही, हे त्या घरातलं शेंडेफळसुद्धा जाणतं. नवरोजला हफ्त-सीनच्या मांडणीत सात वस्तू मोजायच्या, फिलिपिनो नववर्षाच्या रात्री टेबलावर बारा गोल फळं मोजायची. हे सगळं पुरेपूर केल्याशिवाय जमत नाही.

शिवाय ‘इराणी’ आणि ‘फिलिपिनो’ या फार ढोबळ पाट्या आहेत. इराण म्हटलं की आपल्याला वाळवंट दिसतं. रश्त आहे गिलान प्रांतात, कास्पियन समुद्राच्या जवळ. तिथे धो धो पाऊस पडतो, भातशेती आहे, चहाचे मळे आहेत, गावाकडच्या घरांना उतरती छपरं आहेत. तिथला रोजचा भात पेज न काढता, पाणी आटवून मऊ शिजवलेला असतो. त्याच्यासोबत मासे, लसूण, वांगी. मिर्झा गासेमी नावाचा त्यांचा पदार्थ तुम्ही चाखलात तर म्हणाल, हे तर आपलं भरीत, नुसती अंडी घातलेली. इलोइलो पनाय बेटावरचं बंदर. तिथेही भात, मासे, पाऊस. युनेस्कोनं खाद्यसंस्कृतीसाठी नावाजलेल्या शहरांच्या यादीत रश्त २०१५ मध्ये आलं आणि इलोइलो २०२३ मध्ये. मला हा योगायोग फार आवडतो. त्या मुलीच्या दोन्ही आज्या पावसाच्या गावच्या, भात-मासे खाणाऱ्या, आणि तिसरी सासू रत्नागिरीची!

इलोइलोच्या लोकांची एक आमटीसारखी डिश आहे. तुरीचे दाणे, कच्चा फणस आणि मांस, आणि आंबटपणासाठी बातवान नावाचं फळ. हे बातवान वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं आपल्या रातांब्याच्याच कुळातलं. त्यांच्याकडे त्यात डुकराचं मांस घालतात, पण जिथे नवरा मुसलमान तिथे कोंबडी किंवा मासा येतो, तसंच अडोबोचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेल्या त्यांच्या मांसाच्या पदार्थाचं. तिला जेवायला काय करू, म्हणून वेगळं काही शोधू नका. फणसाची भाजी, आमसुलाचं सार, तिरफळं घातलेला मासा, आणि भाताच्या तळाची खरवड टाकून न देता तिच्या पुढ्यात ठेवा. इराणी घरांत त्या खरवडीवरून पोरं भांडतात. काट्या-चमच्याची तजवीजही करायला नको. फिलिपिनो घरात हातानंही जेवतात, तिला ते नवं नाही. पान वाढल्यावर ती ‘नको, नको’ म्हणाली तर लगेच ताट उचलू नका. इराणी रीतीत पहिला नकार हा सभ्यपणा असतो, दोन-तीनदा आग्रह धरायचा असतो. हे तर आपल्याकडेही आहे.

आता तिच्या हसण्याबद्दल. तुम्ही धर्म विचारलात, ती हसली, आणि तुम्हाला वाटलं तिला ठाऊकच नाही. मला वाटतं तिला नको इतकं ठाऊक आहे. इराणच्या कायद्यात मुसलमान बापाचं मूल मुसलमान धरलं जातं आणि धर्म सोडल्याचा आरोप तिथे जिवावर बेतू शकतो. इकडे कॅथलिक आजी नातवंडाचा बाप्तिस्मा केल्याशिवाय राहत नाही. अशा घरातलं मूल फार लवकर शिकतं, की कुठली गोष्ट कुठल्या फोनवर बोलायची नाही. गळ्यातला क्रूस कधी आत घालायचा, नमाजाची चटई कुठल्या पाहुण्यांसमोर गुंडाळून ठेवायची, कोणता फोटो कुणाला पाठवायचा नाही. तुमच्या साध्या प्रश्नाच्या उत्तरात तिला एका तरी म्हाताऱ्या माणसाचा विश्वासघात दिसला असेल. म्हणून ती हसली. तुम्ही तिला परीक्षेला बसवलंत असं मी म्हणत नाही, पण तिला ते तसंच वाटलं असणार. पुन्हा विचारू नका. ती तुमच्या घरात रुळली, तुमच्यावर विश्वास बसला, की एखाद्या दुपारी भांडी आवरताना आपण होऊन बोलेल. तेव्हा नुसतं ऐका.

नातेवाइकांना काय सांगायचं? ‘आई कॅथलिक, वडील मुसलमान, मुलगी आमची सून.’ एवढंच, आणि ते तुम्ही सांगायचं. चहाच्या वेळी काकू-मावश्यांनी तिला मधे बसवून ‘मग तू नेमकी कोण गं?’ असं सुरू केलं तर ते तुम्हीच थांबवायचं. मुलावरही सोपवू नका. तो वयानं लहान, त्याला उलट बोलल्याचा ठपका येईल. तुमच्या शब्दाला वजन आहे. कुणी फारच ताणलं तर त्यांना थिबा पॅलेसकडे बोट दाखवा. ब्रह्मदेशचा राजा इंग्रजांनी तुमच्या गावात आणून ठेवला, १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच होता. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी टुटू, बाप रत्नागिरीचा सावंत. ती मराठी बोलत, पवारांची सून म्हणून त्याच गावात म्हातारी झाली आणि तिथेच गेली. रत्नागिरीनं तिला ‘नेमकी कोण’ विचारून रस्त्यावर उभं केलं नाही, आपलं म्हटलं. अर्थात तिच्या वाट्याला गरिबी आली, आणि गावानं तिच्यासाठी आणखी करायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. पण परकी म्हणून तिला कुणी हाकललं नाही.

दिसण्यावरून काही बोलू नका, कौतुकानंसुद्धा. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे सुनेला पाहिल्यावर पहिलं वाक्य रंगाचं असतं. फिलिपिन्समध्ये अशा मिश्र मुलीच्या सरळ नाकाचं, उजळ रंगाचं गल्लीभर कौतुक होतं, सिनेमात जा, सौंदर्यस्पर्धेत जा म्हणतात. तीच मुलगी इराणला गेली की तिथल्या बायका तिच्या डोळ्यांवरून ‘चिनी का?’ विचारतात, आणि नाकावर शस्त्रक्रिया करून घेणं तिथे इतकं सर्रास आहे, की तेच नाक तिथे बारीक करायचा विषय होतं. एकाच चेहऱ्याला दोन गावांत दोन भाव. तिला चेहऱ्यावरची कुठलीच टिप्पणी नको असेल.

आणि नाव. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव लिहितात. कृपा करून ते करू नका. अशा मुलांना बहुतेक वेळा आधीच दोन नावं असतात, इराणी जन्मदाखल्यावर एक, बाप्तिस्म्याचं दुसरं, शिवाय फिलिपिनो घरातलं लाडाचं तिसरं. इराणमध्ये लग्नानंतर बाई माहेरचंच आडनाव ठेवते. तेव्हा आडनावाचाही आग्रह नको. घरी तिला कशानं हाक मारतात ते विचारा आणि तिला चालणार असेल तर त्याच नावानं हाक मारा.

थोडं कायद्याचं बोलते, कारण उत्साहाच्या भरात तुम्ही ‘रश्तलाही एक समारंभ करू’ म्हणाल. इराणी बापाची मुलगी जगात कुठेही जन्मली तरी इराण तिला आपली नागरिक समजतो, दुसरं नागरिकत्व मानत नाही. तिथल्या कायद्यानं मुसलमान बाईचं बिगरमुसलमान पुरुषाशी झालेलं लग्न ग्राह्य नाही, आणि परदेशी पुरुषाशी लग्नाला सरकारची परवानगी लागते. कॅनडानं सप्टेंबर २०१२ मध्ये तेहरानमधली आपली वकिलात बंद केली आणि इराणी वकिलातही बंद करायला लावली, त्यामुळे टोरंटोच्या इराण्यांचे कागद वॉशिंग्टनमधल्या कचेरीमार्फत फिरतात. काही जोडप्यांत नवरा कागदापुरता मुसलमान होतो. ते करायचं की नाही हे तुमच्या मुलानं आणि तिनं, चांगल्या वकिलाला विचारून ठरवायचं आहे. तुम्ही यात दोन्हीकडून ओढ देऊ नका. रश्तची आजी नातजावयाला बघायला त्यांच्याच देशात बोलावील, तेव्हा ‘नाही’ म्हणायची पाळी या मुलीवरच येईल. तिला ते किती जड जाईल, विचार करा.

इकडचं सोपं आहे. रजिस्टर लग्न टोरंटोत होऊ द्या. रत्नागिरीत अंतरपाट धरून, मंगलाष्टकं म्हणून हवा तेवढा सोहळा करा, पण तो घरचा आनंद म्हणून. हिंदू विवाह कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो. इथेच कायदेशीर नोंद हवी असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस, आणि त्याआधी दोघांपैकी एकानं जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. डिसेंबरच्या सुट्टीत ते बसणार नाही.

नातवंडांचा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलात, पण झोप त्यानंच उडवली आहे. सरळ सांगते, काही गोष्टी ती देऊ शकणार नाही. फार्सी कविता मूळातून वाचून दाखवणं कदाचित तिला जमणार नाही. हिलिगायनोन कदाचित तिच्यापाशीच थांबेल. हे नुकसान खरं आहे, आणि ते तुमच्याआधी तिला सलत असेल. अकराव्या वर्षी तिसऱ्या देशात गेलेली मुलगी शनिवारच्या भाषावर्गाला गेली असली तरी घरी उत्तर इंग्रजीतच देते. पुण्या-मुंबईतली आपली इंग्रजी शाळेतली नातवंडं काय वेगळं करतात? मराठी देणं तर तिच्याकडे नव्हतंच कधी. ते तुमच्या मुलाचं काम आहे आणि व्हिडिओ कॉलवरचं तुमचं.

पण ती जे देईल ते फार थोड्या घरांत मिळतं. देवाबद्दल एकमत नसलेली माणसं एका टेबलावर वर्षानुवर्षं कशी जेवतात, हे तिनं पाहिलंय, वाढलेलंय. तुमच्या नातवंडांच्या वाट्याला आता तीन धर्मांच्या आज्या-आजोबांची घरं येणार. त्या गर्दीत मूल गोंधळून रडलं, तर त्याला नेमकं काय होतंय हे जगात सगळ्यात आधी त्याच्या आईला कळेल. तुम्हाला किंवा मला ते कळायला वेळ लागेल.

हां, काही खरे प्रश्न आहेत, ते मात्र लग्नाआधी त्या दोघांनी बोलून घ्यावेत. मुलगा झाला तर मुंज की बाप्तिस्मा, की काहीच नाही. सुंता हा विषय तर हमखास निघेल. इराणी घरात ती होते, आणि हे आपल्याला ठाऊक नसतं, पण फिलिपिन्समध्ये कॅथलिक मुलांचीही सर्रास होते. म्हणजे त्या दोन्ही आजोळघरांना ती गृहीत वाटेल आणि तुमच्या घराला धक्का बसेल. हे तुम्ही तिच्यापाशी काढू नका. मुलाला एकट्याला फोनवर सांगा, ‘हे सगळं बोलून ठेवा रे,’ आणि मग त्यांनी काय ठरवलं ते विचारत बसू नका.

इराणच्या बातम्या टीव्हीवर लागल्या की तिला ‘तुमच्याकडे काय चाललंय?’ असं विचारलं जाईल. तेही टाळा. जानेवारी २०२० मध्ये तेहरानहून निघालेलं विमान तिथल्याच क्षेपणास्त्रांनी पाडलं, १७६ माणसं गेली, त्यांतली कितीतरी कॅनडाला परतणारी होती. टोरंटोच्या इराणी वस्तीत त्या दुःखाची झळ न लागलेलं घर मिळणं कठीण. जून २०२५ मधल्या बारा दिवसांच्या लढाईत इराणमधलं इंटरनेट जवळजवळ बंद पडलं, नातेवाइकांचा आवाज कानावर पडेना. तिची आजी, आत्या, काका तिथे आहेत. तिला राजकारण समजावून सांगायला लावू नका. ‘घरचे बरे आहेत ना?’ एवढंच विचारा.

डिसेंबरच्या दिवसांचं आता. तुम्ही कळवलेल्या तारखांत यल्दाची रात्रही येते आणि नाताळची पूर्वसंध्याही. म्हणजे या वर्षी ती आपल्या घरच्या दोन सगळ्यात मोठ्या रात्री सोडून तुमच्याकडे येते आहे. हे तिनं तुम्हाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. २० तारखेच्या आसपास बाजारातून चांगली डाळिंबं आणि एक कलिंगड आणून ठेवा, गाजावाजा न करता. २४ च्या रात्री तिला चर्चला जायचं असेल तर कुणीतरी गाडीनं नेऊन आणेल, असं एकदाच सांगा. ‘नको’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणा. या बाबतीत आग्रह नको. फिलिपिनो घरात त्या मध्यरात्री सगळे एकत्र जेवतात, तेव्हा ती घरी फोन लावून बसली तर तिला झोपायला पाठवू नका. आणि आल्या दिवशी तिनं तुमचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला टेकवला तर गडबडू नका, तो त्यांचा वाकून नमस्कार आहे.

एक काम मात्र ते दोघं येण्याआधी तुम्हालाच करायचं आहे. तिच्या आईवडिलांशी तुम्ही अजून स्वतः बोललेल्या दिसत नाही, सगळे निरोप मुलीमार्फत जाताहेत. म्हणजे तुम्हीही तिला त्याच जुन्या कामाला लावलंय. इंग्रजीची लाज वाटून घेऊ नका, त्या बाईंचंही इंग्रजी कामातून शिकलेलं असणार. अडलं तर शेजारची कॉलेजातली मुलगी जवळ बसवा, सुनेला नको. त्यांच्याकडेही तुमच्याबद्दल शंका असतील. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला ‘बुंबाय’ म्हणतात आणि तो म्हणजे मोटारसायकलवरून व्याजाचे पैसे गोळा करत फिरणारा सावकार, अशी प्रतिमा तिथे वर्षानुवर्षं आहे. इलोइलोच्या आजींना नातीच्या सासरची तीच काळजी लागली असेल. आईशी बोलताना मुलीचं कौतुक करा आणि विचारा, ती लहान असताना तिला काय आवडायचं. वडिलांना रश्तच्या पावसाबद्दल विचारा, रत्नागिरीच्या पावसाचं सांगा, ते खुलतील. हिवाळ्यात टोरंटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. रविवारी सकाळी साडेसहाला फोन केलात तर तिकडे शनिवारचे रात्रीचे आठ वाजलेले असतील, दोघंही घरी असतील. मुलाकडून नंबर आजच घ्या.

तुमची,
ताई